शिंगांचा बेंजो

मी सुतार आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. या दोन्ही गोष्टी गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहेत. कुणी माझ्या कामात खोट काढली की माझ्या नाकावर लगेच राग येतो, आणि खोट खरी निघाली तर तो लवकर उतरत नाही. बायको म्हणते, "तुमी रंध्यासंग बी भांडता." तिचं म्हणणं खरं आहे. रंधा ऐकत नसला तर भांडायला नको का?

तर अशा माणसानं मागच्या श्रावणात दोन घरांच्या खिडक्या आणि सरपंचांचं कपाट बाजूला सारून बेंजो बनवायला घेतला, म्हणून गावात चर्चा झाली. सरपंचांचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी "पॉलिश सुकतंय" असं सांगितलं. कपाटाला अजून दारंही बसली नव्हती.

बेंजो म्हणजे आमच्या बेंजो पार्टीतला, लग्नाच्या वरातीत वाजतो तो. हातभर लांब लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि डाव्या हाताच्या बोटांसाठी टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार खालच्या पितळी पट्टीवर टेकते, उजव्या हातातल्या नखीनं छेडली की सूर निघतो. पट्टी जिथं असेल तो सूर. पट्टी सरकली की सूर सरकला. इतकं साधं शास्त्र आहे, आणि तरी आमच्या पंचक्रोशीत तो नीट वाजवणारा एकच माणूस होता, माझा दोस्त.

आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो आणि गणितात एकाच वर्षी नापास झालो. तो पुढं ऊसतोडीला लागला. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून बायकोसह कारखान्याच्या तळावर जायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचा, आणि मग लग्नसराई, जत्रा, पोळा, सगळीकडं त्याचा बेंजो. सहा महिने कोयता धरून राठ झालेली ती बोटं बटणांवर अशी हलकी फिरायची की मला सुतार असून त्यांचा हेवा वाटायचा. नारायणगडाच्या यात्रेत एकदा त्याचं वाजवणं ऐकून तलवाड्याच्या एका म्हाताऱ्यानं त्याला स्वतःचा फेटा काढून बांधला होता. तो फेटा महिनाभर त्याच्या डोक्यावरून उतरला नाही. झोपताना उतरवतो का, हे वहिनींना विचारायची आमची हिंमत झाली नाही.

गेल्या हंगामात तळावर त्याचा बैल गेला. म्हातारपणानं गेला, रोगराई काही नाही, सोळा वर्षांचा लालकंधारी बैल होता. सकाळी उठला नाही एवढंच. जोडीतला दुसरा एकटा काय करणार म्हणून त्यानं तो मेव्हण्याकडं देऊन टाकला. गावाकडं परतला आणि बेंजो पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. उन्हाळ्यातल्या एकाही लग्नात वाजवला नाही. पार्टीतले हलगीवाले, ढोलकीवाले घरी जाऊन पाया पडून आले. शेवटी मी गेलो.

"पोळ्याला तरी वाजव बे," मी म्हणालो. "यंदा ग्रामसभेत ठरलंय, डीजे आणायचा न्हाई. तू न्हाई वाजवला तर नुसती हलगी राहील."

"दारात बैल न्हाई," तो म्हणाला, "अन् मी दुसऱ्याच्या बैलाम्होरं नाचत जाऊ? कोणत्या तोंडानं?"

"मंग पुढच्या साली?"

"आता न्हाईच. ऱ्हाऊ दे. झालं ते झालं."

हे "न्हाईच" मला ओळखीचं होतं. शाळाही त्यानं असंच एकदा "न्हाईच" म्हणून सोडली होती आणि परत तिकडं फिरकला नाही. यंदाच्या पोळ्याला त्यानं हातात बेंजो धरला नाही, तर तो कधीच धरणार नाही, हे मला तिथंच कळलं. घरी येईपर्यंत मी सगळ्या गावाला शिव्या दिल्या, का ते विचारू नका.

आणि मग ते लाकूड सापडलं. कुणाच्या तरी पाडलेल्या घराची सागवानी चौकट माझ्याकडं तीन वर्षं पडून होती. खिडकीसाठी म्हणून ती ओढली, उलटी केली, आणि पाहतच राहिलो. एका टोकाला गाठीमुळं लाकडाला उंचवटा आला होता. अगदी वशिंड! मी बायकोला हाक मारली. "ह्ये काय दिसतंय?"

"लाकूड," ती म्हणाली.

"नीट बघ."

तिनं डोकं तिरकं करून पाहिलं. "बैल बसल्यावाणी दिसतंय खरं."

बस्स. त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना. दारात बैल नाही म्हणतो काय? मी त्याला बैल करून देतो, तोही वाजणारा!

मला आठवतं, त्या पंधरा दिवसांत मी एकदाही कुणावर ओरडलो नाही. बायकोनं दोनदा कपाळाला हात लावून ताप पाहिला. सकाळी चहा व्हायच्या आधी मी पटाशी घेऊन बसलेला असायचो. पेटी पोखरली, वरची फळी पातळ केली, बोटानं टकटक करून आवाज ऐकला, आणखी पातळ केली. डावीकडं मुंडकं काढलं, मानेच्या दोन्ही बाजूंना तारा ताणायला तीन-तीन खुंट्या. गळ्याखालचं लोंबतं कातडंसुद्धा कोरलं. ते कोरताना पटाशी अंगठ्यात घुसली आणि मी हसलो, यावरून काय ते समजा. शिंगं बाभळीची घडवली. त्याच्या बैलाचं डावं शिंग जरा खाली कललेलं होतं, म्हणून मीही डावं शिंग खाली कललेलं बसवलं. शिंगांना हिंगूळ लावला. अंगाला लाखेचं पॉलिश देत देत असा तांबडा रंग आणला की लालकंधारीच.

आवाजाचा खटका कुठं ठेवायचा? वशिंडावर! तो उंचवटा कापून खटक्यावर फिरता बसवला. वशिंड पिळलं की आवाज वाढतो. आणि शेपूट? ते तर देवानंच दिलं होतं. स्पीकरला जाणारी काळी वायर पेटीतून निघते कुठून, तर मागून. तिच्या टोकाला पिनेच्या अलीकडं मी लोकरीचा गोंडा बांधला. ही गोष्ट सुचली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत अंगणात फिरलो. बायकोनं आपल्या ठेवणीतल्या मखमली ब्लाऊजची झूल शिवली, तिला आरसे लावले आणि मला बजावलं, "ह्येच्यावर लाख सांडली तर बघा."

राहिल्या पितळी पट्ट्या. हे काम खरं नाजूक. बीडहून तारा, बटणं आणि आवाज पकडणारं यंत्र आणलं होतं, पण पट्ट्या मी स्वतः कापल्या. मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप असतं. सूर बरोबर असला की काटा मधोमध उभा राहतो आणि हिरवा होतो, चुकला की लाल. मी एकेक पट्टी केसाकेसानं सरकवत हिरवी केली. सगळ्या हिरव्या. एक दिवसभर मी नुसता बटणं दाबून हिरवा रंग पाहत बसलो. एवढं बिनचूक काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, आणि हे मी भेटेल त्याला सांगितलंही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून चोळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. त्या सकाळी मी आणि बायको मोटारसायकलवरून दोस्ताच्या घरी गेलो. बेंजो तिच्या मांडीवर, झुलीखाली झाकलेला. तो ओसरीवर बसला होता. गावात घरोघरी बैल धुण्याची धांदल चाललेली आणि याच्या दारातली दावण झाडून ठेवलेली.

मी गाडी उभी केली. त्याच्यापुढं बेंजो ठेवला आणि झूल ओढली.

तो आधी हसला. मोठ्यानं, पोट धरून हसला. "ह्येला शेपूट बी हाय का बे!" म्हणाला. गोंडा हातात घेऊन पाहिला, वशिंड पिळून पाहिलं. मग त्याचा हात शिंगांवर गेला आणि डाव्या शिंगाशी थांबला.

"खाली हाय," तो म्हणाला.

"तसंच व्हतं की."

त्यानं ते शिंग मुठीत धरलं. त्याचे डोळे भरून आले आणि माझेही. आम्ही दोघंही असल्या प्रसंगी भलतीकडं बघणारी माणसं, म्हणून तो भिंतीकडं पाहत होता आणि मी कोंबड्याकडं. तेवढ्यात वहिनी आतून वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी बेंजोच्या खांद्यावर हळद आणि तूप चोळायला सुरुवात केली.

"वहिनी, पॉलिश!" मी ओरडलो.

"गप बसा," माझी बायको म्हणाली.

वहिनी चोळत राहिल्या. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं बैलाला म्हणतात तसंच त्या म्हणाल्या. माझा तर आनंद मावेना. जिंकलो, असं मला वाटलं.

त्यानं बेंजो मांडीवर घेतला, वायर जोडली, नखी धरली. वर्षभरानं त्याची बोटं बटणांवर आली आणि पहिली ओळ निघाली. काय आवाज होता! सागवान नुसतं गात होतं. पण ओळीच्या शेवटी एक सूर कानाला टोचला. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा टोचला. डावीकडून चौथं बटण. तिसऱ्यांदा त्यानं एकटं तेच दाबलं आणि सूर सरळ चढा, तिखट लागला.

"पट्टी हलली का रं?" त्यानं विचारलं.

इथं माझा स्वभाव आडवा आला. माझ्या पट्टीला नाव ठेवतो? मी मोबाइल काढला, बेंजो माझ्याकडं ओढला, चौथं बटण दाबलं. हिरवा. पुन्हा दाबलं. हिरवा. "हे बघ," मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "पट्टी लई बरोबर हाय. एक केसाचा फरक न्हाई. तूच दाबून बघ."

त्यानं दाबलं. काटा मधोमध न थांबता पुढं गेला आणि लाल झाला. मी दाबलं, हिरवा. त्यानं दाबलं, लाल. मी त्याला तीन-चारदा करायला लावलं. मूर्खासारखं सिद्ध करून दाखवलं.

त्यानं नखी खाली ठेवली. "मंग बेंजोत काय न्हाई," तो हळूच म्हणाला. "हात गेला बे माझा. वर्षभरात गेला. बरं झालं आजच कळलं, उद्या चार माणसांत कळलं आसतं." त्यानं झूल उचलून नीट त्याच्यावर घातली, लेकराला पांघरूण घालतात तशी. "लई मोठं काम केलंस. घरात ठिवीन. वाजवणं न्हाई आता."

मी पट्टी खरी करायला गेलो आणि त्याचा हात खोटा पाडून बसलो. "चौथं बटण जरा तपासतो," असं काहीतरी पुटपुटत मी बेंजो परत गाडीवर घेतला. वाटेत बायकोनं मांडीवरच्या बेंजोची झूल दोनदा नीट केली, आणि ते जास्त झोंबलं.

दुपारी मी अंगणात डोकं धरून बसलो होतो. वहिनी आल्या. डोक्यावर पोतं, पोत्यात जुना बेंजो.

"भावजी, एक सांगायचं हाय. सांगू नगा म्हणले व्हते ह्ये, म्हणून इतकी वर्सं सांगितलं न्हाई." त्यांनी पोतं सोडलं. "ह्येंचा हात गेला न्हाई. ह्या जुन्यावर चौथं बटण जोर लावून दाबावं लागतं, तवा कुठं सूर वर येतो. तीस वर्सं तसंच दाबायची सवय. आता त्येंच्या बी ध्यानात न्हाई राहिलं."

"जोर लावून कावून?"

वहिनींनी जुना बेंजो माझ्यापुढं सरकवला. "ती पट्टी तुमीच लावलेली हाय."

मला आठवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शिंप्याकडं लागलो होतो, भांडून सोडलं. गॅरेजात लागलो, तेही भांडून सोडलं. वडिलांच्या हत्यारांना हात लावायला मन नव्हतं. त्याच्या बेंजोची एक पट्टी उखडली, तेव्हा बाजारात न्यायला वेळ नव्हता म्हणून तो माझ्याकडं घेऊन आला. मी वडिलांची करवत चोरून ती पट्टी बसवली. त्यानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "एक नंबर लागला बे. तुझ्या हातात कसब हाय." त्याच आठवड्यात मी वडिलांना सांगितलं की मी तुमच्या हाताखाली काम करतो. आजतागायत तेच करतोय. माझं घर, माझी भाकरी त्या एका शब्दावर उभी आहे.

"आमचं नवीन लगीन झाल्यालं," वहिनी सांगत होत्या, "मी इचारलं, ह्ये एकच बटण एवढं कावून रेटता? तर म्हणले, दोस्ताची पट्टी जरा चुकली. त्येला सांगू नगं. त्येनं पहिल्यांदाच हातात हत्यार धरलंय, सांगितलं तर टाकून दील."

मी जुन्या बेंजोची बटणं काढली. लाकूड वाळवीनं खाल्लं होतं, पण पट्ट्यांची फळी शाबूत होती. चौथ्या पट्टीच्या शेजारी माझी तेव्हाची पेन्सिलीची जाड रेघ अजून दिसत होती, आणि पट्टी रेघेच्या डाव्या अंगाला. आमच्या धंद्यात शिकाऊ माणूस हमखास ही चूक करतो. रेघेच्या कोणत्या बाजूनं करवत घालायची हे त्याला कळत नाही. मी चुकीच्या बाजूनं घातली होती. टेप लावला. बरोबर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, डावीकडं. तिथं सूर उतरतो, आणि तो वर आणायला तार जोरानं दाबावी लागते. तेवढ्या एका सुतासाठी तो तीस वर्षं बोट रेटत आला होता, आणि माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नव्हता.

मी वहिनींसमोर रडलो. लपवण्यासारखं काही नाही त्यात. मग तोंड धुतलं, पक्कड घेतली आणि नव्या बेंजोची ती हिरवी, बिनचूक पट्टी उपटून काढली. खाच सागाच्या चिपेनं बुजवली. जुन्या फळीवरून माप घेतलं आणि नवी पट्टी बरोबर एक सूत चुकीची बसवली. एवढं मन लावून मी कोणतंच काम केलेलं नाही. मोबाइलवर पाहिलं, लाल. मला लाल रंग कधी एवढा आवडला नव्हता.

"त्येंना काय सांगायचं?" वहिनींनी विचारलं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

पोळ्याच्या सकाळी मी त्याच्या ओसरीवर गेलो. येताना वाटेत चार वेळा वाक्य घोकलं होतं, कारण ते माझ्या तोंडाला सवयीचं नव्हतं. "चूक माझीच व्हती. चौथी पट्टी मी चुकीची लावलती. आता नीट केली."

त्यानं डोळे बारीक केले. "पर मोबाइल तर हिरवा झालता."

"मोबाइलला काय कळतंय? त्यो काय बेंजो पार्टीत गेलता?"

मी चूक कबूल करतोय यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग त्यानं बेंजो ओढला, वायर जोडली आणि कालचीच ओळ वाजवली. शेवटी चौथ्या बटणावर बोट जोरानं आदळलं आणि सूर असा लागला की आतून वहिनी पीठ मळत्या हातांनी बाहेर आल्या. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा लागला. तो उठून उभाच राहिला.

"म्हणजे माझा हात बरोबर व्हता! अन् तू मला काल येड्यात काढलंस!"

"व्हय."

"नाकासमोर मोबाइल नाचवलास, लेका!"

"व्हय म्हणलं ना."

दुपारी मारुतीच्या पारापाशी गावातले राहिलेले बैल जमले, मोजून नऊ जोड्या, रंगवलेले, बाशिंगं बांधलेले. त्यांच्यापुढं हलगी कडाडली आणि गळ्यात पट्टा अडकवून, शिंगांचा बेंजो छातीशी धरून माझा दोस्त निघाला. स्पीकर हातगाडीवर, शेपूट मागं ताणलेलं. बाया वाटेवर थांबून औक्षण करताना बेंजोच्या कपाळालाही कुंकू लावत होत्या. माझ्या पॉलिशची वाट लागत होती आणि मी त्यांना "इकडं, इकडं बी लावा" म्हणत होतो. हलगीवाले तर भान हरपले होते.

वेशीत तोरणाखाली मिरवणूक थांबली. त्यानं माइक घेतला. सगळा गाव समोर, सरपंचसुद्धा.

"ह्यो बैल आपल्या सुतारानं बनवलाय," तो म्हणाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "लई भारी बनवलाय. पर मंडळी, एक पट्टी चुकलाच! वर मलाच म्हणला, तुझा हात बिघडलाय!"

गाव हसला आणि मग एकदम गप्प झाला. सगळे माझ्याकडं पाहत होते. आता हा भडकणार, माइक हिसकावणार, सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या बायकोनं माझी बाही धरून ठेवली होती. वहिनी खाली मातीकडं बघत होत्या.

मी हात वर केला. "व्हय," मी मोठ्यानं म्हणालो, "पट्टी माझीच चुकली."

तो खुशीत हसला आणि वाजवू लागला.